गोष्टीला ‘नॅरेटिव्ह’ म्हणू नका

२०२४च्या लोकसभा निवडणुकीचे निकाल लागले आणि महाराष्ट्राला एक नवा शब्द मिळाला. म्हणजे शब्द जुनाच होता. विद्यापीठांतल्या चर्चासत्रांत आणि इंग्रजी अग्रलेखांत तो कधीचा वावरत होता. पण ‘फेक नॅरेटिव्ह’ अशा जोडीने तो व्यासपीठावर आला, तिथून बातम्यांत आणि बातम्यांतून पानाच्या टपरीवर. आता कोणी काहीही बोललं की ते नॅरेटिव्ह असतं. आपल्या बाजूचं असेल तर ते ‘सेट’ करायचं असतं, समोरच्याचं असेल तर ते ‘फेक’ असतं. कांद्याचा भाव, धरणाचं पाणी, कोणाच्या आजोबांनी कोणाला काय लिहून दिलं, सगळी नॅरेटिव्हंच.

त्याच सुमारास शेजारच्या दालनात ‘स्टोरीटेलिंग’ बाळसं धरत होतं. बिल्डरच्या टॉवरला स्टोरी असते, चहाच्या पुड्याला स्टोरी असते, नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या पोराला ‘तुझी स्टोरी काय?’ असं विचारतात. इन्स्टाग्रामवर २०१६पासून ‘स्टोरी’ नावाचा प्रकार आहे. तो चोवीस तासांत पुसला जातो. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी बसलो होतो. तिथे वर्गातल्या ‘स्टोरीटेलिंग’चे टप्पे फळ्यावर लिहून दिले जात होते. आवाजाचा चढउतार होता, हातवारे होते, सुरुवातीला लावायचा ‘हुक’ होता. मुलं मध्येच प्रश्न विचारतात, त्याचं काय करायचं, असं एका बाईंनी विचारलं. उत्तर मिळालं, प्रश्न शेवटी घ्या.

माझं भांडण या उत्तराशी आहे. इंग्रजीशी नाही. मराठीने फार्सीतून कागद घेतला, पोर्तुगीजांकडून बटाटा आणि चावी घेतली, इंग्रजांकडून टेबल आणि स्टेशन घेतलं, आणि त्यातलं काही परत करायची गरज नाही. आपल्याकडे वस्तू नव्हती, शब्द नव्हता, तो घेतला. व्यवहार चोख झाला. पण ‘नॅरेटिव्ह’ आणि ‘स्टोरीटेलिंग’ हे शब्द रिकाम्या जागेवर येऊन बसलेले नाहीत. त्यांनी एका शब्दाला उठवलंय, आणि त्या शब्दाला जे ठाऊक होतं ते या दोघांना ठाऊक नाही. तो शब्द म्हणजे ‘गोष्ट’.

*

गोष्ट हा शब्द गोठ्यातून आलेला आहे. हे अलंकारिक बोलणं नव्हे. संस्कृतात ‘गोष्ठ’ म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा: गो अधिक स्थ. त्यापासून आपला ‘गोठा’ झाला. त्याच ‘गोष्ठ’पासून ‘गोष्ठी’ झाली आणि गोष्ठीची मराठीत गोष्ट झाली. म्हणजे गोठा आणि गोष्ट ही सख्खी भावंडं. एक शेतात राहिलं, दुसरं ओसरीवर आलं.

गाई जमतात त्या जागेचा शब्द माणसं जमतात त्या जागेला कसा लागला, याचा माग काढता येतो. शब्दातली गाय फार लवकर विसरली गेली. पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या वार्तिकातच ‘गोष्ठ’ हा कुठल्याही जनावराच्या नावापुढे लावायचा प्रत्यय ठरला आहे. मेंढ्यांच्या जागेला ‘अविगोष्ठ’ म्हणायचं, आणि गाईंच्या जागेला चक्क ‘गोगोष्ठ’. गाईचा गाईगोठा! आपणही म्हशींचा गोठा म्हणतो आणि कोणाला खटकत नाही. गाय गळाली आणि उरला तो ‘एकत्र उभं राहण्याची जागा’ एवढाच अर्थ. मग तो माणसांना लावायला कितीसा वेळ लागणार?

अमरकोशात गोष्ठी हा शब्द सभा, परिषद, समिती यांच्या रांगेत बसलेला आहे. आंध्रातल्या भट्टिप्रोलूच्या स्तूपात ख्रिस्तपूर्व काळातले जे करंडक सापडले, त्यांवरच्या प्राकृत लेखांत ‘गोठी’ येते, ती लोकांची मंडळी किंवा समिती या अर्थाने. हिंदीत आजही गोष्ठी म्हणजे चर्चेची बैठक. तमिळमध्ये ‘कोष्टी’ म्हणजे गट, आणि राजकीय पक्षातल्या गटबाजीच्या बातम्यांत तो शब्द हमखास भेटतो. वात्स्यायनाने कामसूत्रात गोष्ठीची जवळजवळ व्याख्याच दिली आहे: बरोबरीच्या माणसांनी एकत्र बसून साजेशी बोलणी करणं. पुढे तो एक फार शहाणपणाचा सल्ला देतो. गोष्ठीत कथा सांगणाऱ्याने अगदी संस्कृतातच बोलू नये आणि अगदी देशी भाषेतच बोलू नये. दोन्हींचा मेळ घालणाऱ्याला लोक मानतात. सल्ला सांगणाऱ्यासाठी आहे, पण त्यात सगळं लक्ष ऐकणाऱ्यांकडे आहे. समोर कोण बसलंय ते बघ आणि मग तोंड उघड.

हिंदीने बैठक ठेवली, तमिळने गट ठेवला. मराठीने काय केलं? मराठीत बैठक शब्दातून नाहीशी झाली आणि बैठकीत जे घडतं ते शब्दात उरलं. आधी बोलणं: गप्पागोष्टी, सुखदुःखाच्या गोष्टी, हिताच्या चार गोष्टी. मग ज्याविषयी बोलायचं तो विषय: ‘ती गोष्ट काढू नकोस’, ‘त्या गोष्टीला वीस वर्षं झाली’. मग कुठलीही बाब, कुठलीही वस्तू: ‘साधी गोष्ट नाही’, ‘बाजारातून तीन गोष्टी आण’. आणि याच ओघात राजाची, वाघाची, म्हातारीची गोष्ट.

सभेवरून वस्तूपर्यंतचा हा प्रवास फक्त मराठीतच झाला असं नाही. इंग्रजीतला ‘थिंग’ हा शब्द मुळात लोकसभेचाच. जुन्या जर्मानिक समाजांत ‘थिंग’ म्हणजे न्यायनिवाड्यासाठी भरणारी सभा. आइसलंडच्या संसदेला आजही ‘आल्थिंग’ म्हणतात. सभा, मग सभेपुढचा विषय, मग कुठलाही विषय, मग कुठलीही वस्तू. अगदी आपल्या गोष्टीचीच वाट. फरक एवढाच की ‘थिंग’ वस्तूपाशी थांबला आणि त्याला कथा झाली नाही. मराठीत एकाच शब्दात वस्तू आणि कथा दोन्ही आल्या. घडलेली बाब ती गोष्ट आणि रचून सांगितलेली कहाणी तीही गोष्ट. या दोहोंना एकत्र बांधणारा दुवा म्हणजे त्यांच्याबद्दल बोलायला जमलेली माणसं.

आता ‘नॅरेटिव्ह’कडे बघा. तो लॅटिन ‘नारारे’वरून आला, आणि ‘नारारे’ आला ‘ग्नारुस’वरून, म्हणजे जाणणारा. आपल्या ‘ज्ञा’ धातूचा तो लांबचा नातेवाईक. इंग्रजीतला अडाणीपणाचा ‘इग्नोरन्स’ही त्याच कुळातला. ‘स्टोरी’ आली ग्रीक ‘हिस्टोरिया’वरून, म्हणजे शोध, चौकशी, आणि तिच्या पोटातला ‘हिस्टोर’ म्हणजे जाणता माणूस, आपल्या ‘विद्’ धातूच्या कुळातला. दोन्ही शब्दांच्या मुळाशी जाणकार बसलेला आहे. मला माहीत आहे, तुला नाही. मी सांगतो, तू ऐक. गोष्टीच्या मुळाशी जाणकार नाही. तिथे एक जागा आहे आणि जागेवर जमलेले जीव आहेत.

आपला दुसरा शब्द, ‘कथा’, तोही बघण्यासारखा आहे. ‘कथ्’ हा धातू ‘कथम्’वरून आला असावा असं कोशकार मानतात. कथम् म्हणजे कसं? ऋग्वेदात तर ‘कथा’ हाच शब्द ‘कसं’ या प्रश्नासाठी येतो. म्हणजे कथेची सुरुवात सांगणाऱ्याच्या ज्ञानातून होत नाही, ऐकणाऱ्याच्या प्रश्नातून होते. आणि आम्ही शिक्षकांना शिकवतो, प्रश्न शेवटी घ्या.

*

इथे मला कोणी अडवेल, आणि अडवावं. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. ‘कादंबरी’चंच घ्या. बाणभट्टाने सातव्या शतकात रचलेल्या गद्यकाव्याच्या गंधर्वकन्येचं हे नाव. मराठी आणि कानडी या दोन भाषांनी ते अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. आज ग्रंथालयात ‘कादंबऱ्या कुठे आहेत?’ असं विचारणाऱ्याच्या मनात गंधर्व नसतात. तसंच गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या मनात गोठा नसतो. मग गोठ्याचा एवढा बाऊ कशाला?

मान्य. म्हणून व्युत्पत्ती बाजूला ठेवू आणि चालती भाषा बघू. मराठी माणूस ‘गोष्ट’ कशी वापरतो? ‘एक गोष्ट सांगू का?’ असं विचारून. परवानगी मागितल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. सुरू झाली की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचं असतं. ‘हूं’ थांबला की सांगणारी म्हणते, झोपलास का रे? गोष्टीवरून गोष्ट निघते, म्हणजे आधीची सांगणारी आता ऐकणारी होते. फार फुशारकी मारणाऱ्याला आपण ‘गोष्टी सांगू नकोस’ असं तोंडावर सुनावतो. आणि मूल गोष्ट मागताना सांगून ठेवतं, खरीखुरी सांग. ‘एक नॅरेटिव्ह सांगू का?’ असं कोणी विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. नॅरेटिव्ह विचारून येत नाही. ते सेट होतं, दह्यासारखं, आपण झोपेत असताना.

ऐकणाऱ्याचा हा मान आपल्या जुन्या सांगण्यात किती पक्का होता, ते पाहायचं तर आदित्यराणूबाईची कहाणी आठवा. रविवारच्या व्रताची ही कहाणी श्रावणात घरोघरी वाचली जाते. गरीब ब्राह्मणाला व्रतामुळे बरे दिवस येतात. त्याच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. बाप राजाच्या राणीकडे जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. लेक म्हणते, वेळ नाही, राजा पारधीला निघालाय. बाप उठतो आणि दुसरीकडे जातो. प्रधानाची बायको बसून ऐकते. पुढे राणीचं राज्य जातं, अन्नाला महाग होते. तिचा गुन्हा काय? तिने देवाला शिवी दिलेली नाही, कोणाचं धन लुटलेलं नाही. तिने ऐकलं नाही, एवढंच.

आणि खरी गंमत पुढे आहे. तिचे दिवस फिरतात, राजा तिला बोलावतो, ती परत निघते. आणि वाटेत दर मुक्कामाला तिला कहाणी सांगायची असते. आता तिला ऐकणारा मिळत नाही! माणसं धावतात. मोळीविक्या भेटतो, म्हणतो, तुमची कहाणी ऐकून माझं पोट भरणार आहे का? माळी भेटतो, पोरं गमावलेली म्हातारी भेटते. शेवटी ते ऐकायला बसतात, आणि फळ मिळतं ते ऐकणाऱ्यांना. मोळी सोन्याची होते, मळा पिकतो, म्हातारीची मुलं परत येतात. सांगणारी हातात मोती घेऊन विनवणी करत फिरते आणि ऐकणारा लाकूडतोड्या ‘मला काय उपयोग?’ असं तिला विचारू शकतो. सांगणारी राणी, ऐकणारा मोळीविक्या. आणि गरज राणीला. कुठल्या ‘स्टोरीटेलिंग’च्या कार्यशाळेत हे शिकवतात? तिथे ऐकणाऱ्याला ‘ऑडियन्स’ म्हणतात आणि तो ‘टार्गेट’ असतो.

दुसरी गोष्ट आपल्या पैठणची. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरात कथासरित्सागर लिहिला, त्यात गुणाढ्याची हकीकत आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाची भाषेत लिहिली, तीही स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. ही कसली भाषा आणि ही कसली शाई! गुणाढ्य रानात गेला, आग पेटवली आणि एकेक पान वाचून ते आगीत टाकू लागला. भोवती रानातली जनावरं गोळा झाली. चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ती ऐकत राहिली. इकडे राजा आजारी पडला, कारण मुदपाकखान्यात येणारं मांस सुकं होतं. जनावरं खात नव्हती म्हणून सुकली होती. शोध घेता घेता राजा रानात पोचला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते.

ही दंतकथा आहे हे मला कळतं. पण काय दंतकथा आहे! दरबाराने ‘ऐकणार नाही’ म्हटल्यावर गोष्ट परत गोष्ठात गेली, जनावरांत. आणि न ऐकणाऱ्या राजाला किंमत मोजावी लागली ती थेट ताटात. सत्तेने ऐकलं नाही तर काय होतं, हे याहून नेमकं कोणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

*

आता मूळ तक्रारीकडे येतो. ‘नॅरेटिव्ह’ हा शब्द ऐकणाऱ्याला बाहेर काढतो, हा त्याचा पहिला अपराध. दुसरा अपराध जास्त गंभीर आहे. तो खऱ्याखोट्याचा प्रश्न पुसून टाकतो, आणि पुसताना कोणाचंही नाव घेत नाही.

मराठीत खोट्या बोलण्यासाठी किती शब्द आहेत ते मोजून बघा. थाप, लोणकढी थाप, भूलथापा, बाता, अफवा, आवई, कंडी, हूल, बनाव, बतावणी, कांगावा. यातला प्रत्येक शब्द वेगळं काम करतो. थाप मारावी लागते, म्हणजे मारणारा असतो. आवई उठवली जाते, म्हणजे उठवणाऱ्याला शोधता येतं. कंडी पिकवतात, म्हणजे कोणीतरी जमीन नांगरून, पेरून, वाट पाहिलेली असते. हूल दिली जाते आणि बनाव रचला जातो. कांगावा करणारा स्वतःच मारतो आणि स्वतःच रडतो. प्रत्येक शब्दाला कर्ता आहे आणि प्रत्येक कर्त्याला जाब विचारता येतो. आता म्हणून बघा: ‘फेक नॅरेटिव्ह पसरलं.’ कोणी पसरवलं? कोणाला सांगितलं? त्यात नेमकं काय खोटं होतं? शब्द गप्प. तो हवामानाच्या बातमीसारखा आहे. कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तसं नॅरेटिव्ह तयार झालं.

राजकारण्यांना हा शब्द का आवडतो, हे इथे उघड होतं. ‘तुम्ही खोटं बोललात’ असं म्हटलं की पुरावा द्यावा लागतो. ‘तुम्ही फेक नॅरेटिव्ह सेट केलंत’ असं म्हटलं की काहीच द्यावं लागत नाही. आणि ज्याच्यावर आरोप झाला तोही खूश, कारण नॅरेटिव्ह सेट करणं हे आता कौशल्य मानलं जातं. थापाड्या म्हटलं तर माणूस चिडतो. नॅरेटिव्ह सेट करणारा म्हटलं तर त्याला पुढच्या निवडणुकीचं कंत्राट मिळतं.

‘गोष्ट’ मात्र खऱ्याखोट्याला चिकटून आहे, कारण तोच शब्द घडलेल्या बाबीचाही आहे. ‘ही गोष्ट खरी आहे का?’ हा प्रश्न मराठीत सहज विचारता येतो, आणि चारचौघांत विचारता येतो. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, तेव्हा ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून त्या घेतल्या. आणि एकाच प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी पडली तर ती ‘वासना’ म्हणून नोंदली. या अमक्याचं असं, त्या तमक्याचं तसं. मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथात सांगणाऱ्याला दुसरा सांगणारा अडवतो आणि ग्रंथकर्ता दोघांनाही जागा देतो. याला मी गोष्ट म्हणतो.

*

पण सगळा दोष राजकारण्यांच्या आणि जाहिरातवाल्यांच्या माथी मारला तर तोही कांगावाच होईल. गोष्टीला आधी आपण साहित्यवाल्यांनी खाली बसवलं. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यात जे लिहिलं त्याला ते ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. पुढे तंत्राची चर्चा आली, ‘लघुकथा’ आली; स्वातंत्र्याच्या आसपास ‘नवकथा’ आली. साहित्य म्हणून या कथा मोठ्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नावं बदलताना एक उतरंड तयार झाली. कथा मोठ्यांची, गोष्ट मुलांची. समीक्षेत ‘ही नुसती गोष्ट झाली’ हे वाक्य निंदा म्हणून वापरलं जाऊ लागलं. जणू गोष्ट म्हणजे कथेचं न पिकलेलं फळ. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत हिंडले आणि सभागृहं भरली, तेव्हा लोक गोष्टच ऐकायला येत होते. हशा कुठे येतो, कुठे येत नाही, हे त्या तिघांना समोर दिसत होतं. तरीही ‘लोकप्रिय’ असा शिक्का मारून समीक्षेने तो विषय मिटवला. आपणच रिकामी केलेली ही जागा. त्यात ‘नॅरेटिव्ह’ येऊन बसलं तर तक्रार करायला तोंड लागतं.

*

दोन आक्षेप अजून उरतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की गोठ्याला कुंपण असतं. वात्स्यायनाच्या गोष्ठीत बसायला विद्या, बुद्धी, शील यांच्याबरोबर पैसाही बरोबरीचा लागत होता. गावच्या पारावर, देवळाच्या ओसरीवर, चावडीवर कोण बसत होतं आणि कोणाला लांब उभं राहून ऐकावं लागत होतं, किंवा तेही नशिबी नव्हतं, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. मग या जमलेल्या मंडळींचं एवढं कौतुक का? ‘ऐकणे’ या क्रियापदाचा मराठीत ‘आज्ञा पाळणे’ असाही अर्थ आहे, हे विसरून कसं चालेल?

विसरायचं नाहीच. पण ज्यांना त्या बैठकीबाहेर ठेवलं त्यांनी पुढे काय केलं तेही पाहा. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८मध्ये आलं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८०मध्ये. शांताबाई कांबळ्यांनी आपल्या आत्मकथेला ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ असं नाव दिलं. चित्तरकथा! चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे चित्रकथी तळकोकणात पिंगुळीला आजही आहेत. ऐकणाऱ्यांना गोळा करून सांगण्याच्या त्या जुन्या कलेचा शब्द एका दलित शिक्षिकेने आपल्या आयुष्याला लावला. या पुस्तकांनी मराठी वाचकाला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हटलं, आता तू ऐक. वाचक चिडले, भांडले, खोटं म्हणाले, रडले. त्या पुस्तकांभोवती माणसं जमली आणि बैठक नव्याने भरली. त्यांना ‘दलित नॅरेटिव्ह’ म्हणणाऱ्या लेखांत मात्र मला हे काहीच सापडत नाही. तिथे खैरलांजीची बातमी, बँकेची जाहिरात आणि शांताबाईंचं आयुष्य या तिन्हींना एकच शब्द लावता येतो. कुंपण मोडायचं तर बैठक मोठी करावी लागते. ‘नॅरेटिव्ह’ने कुंपण मोडत नाही, तिथे बैठकच राहत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. नॅरेटिव्ह ही शास्त्रीय संज्ञा आहे; कोण सांगतं, कोणाच्या नजरेतून, कुठल्या क्रमाने, हे तपासायला ती लागते. लागते ना, खुशाल वापरा. त्यासाठी ‘कथन’, ‘कथक’, ‘कथनमीमांसा’ हे शब्द मराठीत तयार आहेत आणि वर्गात ते चालतातही. डॉक्टरांनी आपसात ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ म्हणावं. पण शेजाऱ्याच्या छातीत कळ आली तर आपण ‘हार्ट अटॅक’च म्हणतो, कारण आपल्याला धावायचं असतं. अवजार प्रयोगशाळेत राहू द्या.

*

मग करायचं काय? शब्दांवर बंदी घालून काही होत नाही, आणि मराठीकरणाच्या समित्यांनी पाडलेले शब्द कसे असतात हे आपण भोगलंय. मी फक्त जुने शब्द त्यांच्या कामावर परत पाठवायला सांगतोय. राजकारणी खोटं बोलला तर त्याला थाप म्हणा. त्याने ते ठरवून पसरवलं तर कंडी पिकवली म्हणा, आणि कोणी पिकवली ते लिहा. तो आपली बाजू मांडत असेल तर ती मांडणी आहे. जाहिरात ही जाहिरातच. टॉवरला स्टोरी नसते, मजले असतात. आणि एखाद्याने चार माणसांसमोर, त्यांच्या डोळ्यांत बघत, ‘हे खरं का?’ या प्रश्नाची तयारी ठेवून काही सांगितलं, तर तिला गोष्ट म्हणा, मग ती वाघाची असो की रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीची.

वार्ताहरांना माझी वेगळी विनंती आहे. पुढचा नेता ‘हे फेक नॅरेटिव्ह आहे’ असं म्हणेल तेव्हा माइक बंद करू नका. एवढंच विचारा: साहेब, यातली कुठली गोष्ट खोटी? तो शब्द मुद्दाम वापरा. ‘गोष्ट’ म्हटलं की उत्तराला बाब लागते, तपशील लागतो, तारीख लागते.

शिक्षकांना काही सांगायची गरज नाही. त्या बाईंना उत्तर आधीच ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी तो प्रश्न विचारला. मूल मध्येच ‘मग वाघाने का नाही खाल्लं?’ असं विचारतं, तेव्हा ते गोष्ट मोडत नसतं. ते ‘कथम्’ म्हणत असतं. तिथे थांबायचं. वर्गातल्या बाकीच्यांना विचारायचं, तुम्हाला काय वाटतं, का नसेल खाल्लं? टप्पे राहतील फळ्यावर. पाठ संपायला दहा मिनिटं जास्त लागतील, तर लागू देत.